पोत्यांची भिंत

पुणे शहराच्या उत्तरेस, मुळा नदीच्या काठी, खडकी हे लष्करी छावणीचे गाव आहे. भारतीय सेनेच्या अभियंता दलाचे एक जुने केंद्र तेथे आहे. ‘बॉम्बे सॅपर्स’ या नावाने ते ओळखले जाते. सॅपर म्हणजे खंदक खणणारा, सुरुंग लावणारा, पूल बांधणारा शिपाई. पूर्वीच्या काळी किल्ल्याला वेढा पडला की हाच शिपाई कुदळ-फावडे घेऊन सर्वांच्या पुढे सरकत असे. त्याने खणलेल्या चरांतून मागचे सैन्य तटापर्यंत पोहोचत असे.

खेड्यापाड्यांतून नुकतेच भरती झालेले तरुण या केंद्रात येतात, तेव्हा त्यांच्या मनात बंदूक असते. बंदूक त्यांना मिळतेही. पण तिच्या जोडीला हातात फावडे येते, दोर येतो आणि गोणपाटाची रिकामी पोती येतात. दोराला गाठ कशी मारावी, दोन होड्या बांधून त्यांवर फळ्या कशा टाकाव्यात, वाहत्या पाण्यात वल्हे कसे धरावे, हे सारे त्यांना शिकावे लागते. पोती भरावयाची आहेत असे समजल्यावर एखाद्या रंगरुटाला हसू आवरत नाही. शेतकऱ्याच्या मुलाने जन्मभर पोतीच भरलेली असतात. त्यात शिकण्यासारखे ते काय असणार?

थोड्याच वेळात त्याचे हसू मावळते. त्याने गळ्यापर्यंत ठासून भरलेले पोते उस्ताद बाजूला काढून ठेवतो. बाजारात धान्य नेताना पोते ठासून भरणे योग्य असते. भिंत रचताना मात्र तसे चालत नाही. ठासून भरलेले पोते लाकडाच्या ओंडक्यासारखे ताठ होते. ते शेजारच्या पोत्याशी नीट बसत नाही, दोहोंमध्ये फट राहते आणि त्या फटीतून पाणी वाट काढते. म्हणून पोते निम्म्याहून थोडे अधिक भरावयाचे, तोंड मुडपून खाली दाबावयाचे आणि ते जागेवर ठेवल्यावर पायांनी किंवा फावड्याच्या पाठीने ठोकून चपटे करावयाचे. वरच्या थरातील पोते खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर आले पाहिजे. गवंडी विटा रचतो तसेच हे काम आहे. फरक इतकाच की, येथे चुना नसतो. मातीचे वजन आणि माणसाच्या पायांचा दाब यांवरच सारी भिस्त असते. एका थराने भिंतीची उंची वीतभरही वाढत नाही. छातीइतकी भिंत उभारावयाची, तर थरावर थर चढवीत राहावे लागते. शिवाय भिंत जितकी उंच, तितका तिचा पाया रुंद हवा. तेव्हा लागणाऱ्या पोत्यांची संख्या पाहता पाहता शेकड्यांवरून हजारांवर जाते.

शत्रूच्या गोळ्यांपासून रक्षण करण्यासाठी ही विद्या निघाली. पण गोळीला अडविणारी भिंत पाण्यालाही काही काळ अडवू शकते. १९६१ सालच्या जुलै महिन्यात, एका काळोख्या रात्री, पुण्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या पानशेत येथे सैनिकांना याच विद्येचा उपयोग करावा लागला.

पुणे शहर मुठा नदीच्या काठी वसलेले आहे. सह्याद्रीच्या डोंगरात आंबी, मोसी आणि मुठा या तीन लहान नद्या उगम पावतात व पुढे एकत्र होऊन पुण्याकडे येतात. या एकवटलेल्या प्रवाहावर खडकवासला येथे एक दगडी धरण होते. १८७९ साली ते पूर्ण झाले. ते बांधणारा इंग्रज अधिकारी कर्नल फाइफ हाही लष्करी अभियंताच होता. त्याच्या नावावरून त्या तलावाला कित्येक वर्षे ‘लेक फाइफ’ म्हणत. पुणेकरांच्या तीन-चार पिढ्या याच तलावाचे पाणी प्याल्या. कालव्याच्या काठची शेतेही त्याच पाण्यावर भिजत. पुढे शहर वाढले, शेतीची गरज वाढली आणि तलाव अपुरा पडू लागला. तेव्हा खडकवासल्याच्या वरच्या बाजूस, आंबी नदीवर, पानशेत येथे आणखी एक मोठे धरण बांधावे असे ठरले. १९५७ साली कामास आरंभ झाला.

पानशेतचे धरण मातीचे होते. मातीचे धरण म्हणजे कच्चे धरण, असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही. मधोमध चिकणमातीचा गाभा, त्याच्या दोन्ही अंगांना दाबून बसविलेल्या मुरूम-मातीचे थर आणि पाण्याच्या बाजूला दगडांचा थर, अशा रीतीने रचलेले मातीचे धरण शतकानुशतके टिकते. परंतु त्याचे एक मर्म आहे. दगडी धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहिले, तर ते धरण काही काळ तग धरू शकते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून मात्र पाण्याची धार कधीही वाहता कामा नये. पहिली धार मातीत ओघळ पाडते, ओघळाची घळ होते आणि घळीतून सारा तलाव बाहेर धावतो. शेताचा बांध पावसाळ्यात कसा फुटतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच जादा पाणी बाहेर जाण्यासाठी सांडवा आणि खाली सोडावयाच्या पाण्यासाठी दरवाजे असलेले भुयार अशी सोय केलेली असते.

१९६१ चा पावसाळा सुरू झाला तेव्हा धरणाचा बांध उभा राहिला होता, पण सर्व काम पुरे झाले नव्हते. भुयाराच्या दरवाजांची व्यवस्था अपुरी होती. अशा स्थितीत त्या वर्षी धरणात प्रथमच पाणी साठू लागले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस कोसळला. पाणी झपाट्याने चढले. अर्धवट उघड्या राहिलेल्या दरवाजांतून पाणी प्रचंड वेगाने भुयारात शिरू लागले, आत जोराचे दणके बसू लागले आणि भुयाराच्या वरची माती खचू लागली. बांधाचा तेवढा भाग इतर भागापेक्षा खाली बसला. तलावाचे पाणी वर चढत होते आणि बांध खाली उतरत होता. दोहोंमधील अंतर तासातासाने कमी होत चालले होते.

धरणावरील अभियंत्यांनी आणि मजुरांनी आपल्या परीने शिकस्त केली. ती पुरेशी होत नाही असे दिसताच लष्कराचे साहाय्य मागविण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पूर आला, भूकंप झाला किंवा आग लागली म्हणजे सैन्य आपण होऊन गावात येत नाही. गावाचा कारभार मुलकी अधिकाऱ्यांकडे असतो. आपले बळ अपुरे पडते असे त्यांना वाटले, म्हणजे ते जवळच्या लष्करी ठाण्याकडे साहाय्य मागतात; आणि काम संपताच सैनिक आपल्या ठाण्यावर परत जातात. पुण्यास लष्कराच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय आहे. खडकी, दापोडी, घोरपडी येथे छावण्या व शिक्षणकेंद्रे आहेत. खुद्द खडकवासल्याच्या तलावाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. त्यामुळे साहाय्याला दूरवरून यावे लागणार नव्हते.

११ जुलैच्या रात्री जवान पानशेतच्या बांधावर कामाला भिडले. कृष्ण पक्षाच्या अखेरच्या रात्रींपैकी ती एक होती. आकाशात चंद्र नव्हता; असता तरी त्या ढगांतून दिसला नसता. पाऊस थांबण्याचे चिन्ह नव्हते. एका हाताला काठोकाठ भरत आलेला तलाव आणि दुसऱ्या हाताला काळोखी दरी, अशा अरुंद माथ्यावर त्यांना काम करावयाचे होते. काम सांगावयास अगदी सोपे होते. बांध जेथे खचला होता, तेथे पोत्यांची भिंत रचून गेलेली उंची भरून काढावयाची.

अशा कामात प्रत्येक जण प्रत्येक पोत्यामागे धावत नाही. काही जण माती खणतात, काही पोत्यांची तोंडे धरतात, काही भरतात. आणि भरलेली पोती एका हातातून दुसऱ्या हातात देत माणसांची साखळी ती भिंतीपर्यंत पोहोचविते. शेवटच्या टोकाला रचणारे उभे असतात. साखळीतील एक माणूस थांबला, तर सारी साखळी थांबते. भिजलेल्या मातीचे पोते कोरड्या मातीच्या पोत्याहून कितीतरी जड असते. ओले गोणपाट बोटांची सालटी काढते. पहिल्या शंभर पोत्यांपर्यंत माणसे एकमेकांशी बोलतात. नंतर बोलणे आपोआप बंद पडते आणि केवळ श्वासांचा व फावड्यांचा आवाज उरतो.

त्या रात्रीच्या कामाचा कठीण भाग वेगळाच होता. एरवी भिंत रचली म्हणजे ती रचली तेवढी उंच राहते. येथे पायाखालची जमीनच खाली जात होती. एक थर चढवावा, तो जागेवर बसेपर्यंत खालचा बांध आणखी थोडा खचलेला असावा, असे चालले होते. पाणी मात्र मागे हटत नव्हते. आपण ज्या बांधावर उभे आहोत तो कोणत्याही क्षणी दगा देईल, हे सांगण्यासाठी कोणा अभियंत्याची आवश्यकता नव्हती. ते प्रत्येकाला आपल्या तळपायांनीच कळत होते. तरीही मध्यरात्र उलटली, पहाट झाली, आणि भिंत उभी होती.

१२ जुलै १९६१, बुधवार. उजाडता उजाडता पाणी पोत्यांच्या माथ्यापर्यंत आले आणि खचलेल्या भागावरून वाहू लागले. आता पोती रचण्यात अर्थ उरला नव्हता. जवानांना बांध सोडावा लागला. सकाळी सव्वासातच्या सुमारास पानशेतचे धरण फुटले.

केवळ एवढेच पाहिले, तर त्या रात्रीची सारी मेहनत वाया गेली असे कोणीही म्हणेल. पण घड्याळाकडे पाहिले म्हणजे चित्र बदलते. पाण्याची धार त्या खचलेल्या भागावरून मध्यरात्रीच वाहू लागली असती तर काय झाले असते? पानशेतहून निघालेले पाणी काळोखात खडकवासल्यावर आदळले असते. आणि नदीकाठच्या पेठांतील माणसे, मुले-बाळे आणि दारची गुरे झोपेतच असती. पोत्यांच्या भिंतीने धरण वाचविले नाही. तिने पुण्याला रात्रीऐवजी दिवस दिला.

दिवस मिळाला, तरी त्याचा उपयोग सर्वांनाच नीट करता आला असे नाही. धरण फुटल्याची वार्ता शहरात वेळेवर आणि सर्वत्र पोहोचली नाही, ही त्या दिवसाची मोठी दुःखाची गोष्ट होय. सकाळी शाळा-कचेऱ्यांचे व्यवहार नेहमीसारखे सुरू झाले होते. नदीला पूर येतो आहे असे ऐकून पुष्कळ लोक तो पाहावयास पुलांवर जमले. पूर पाहावयास जाणे ही पुण्याची जुनीच हौस. खडकवासल्याचे दगडी धरण ऐंशी वर्षांहून अधिक काळ टिकले आहे, तेव्हा ते पाणी अडवील, असा कित्येकांना विश्वास वाटत होता. त्या धरणाने खरोखरच पराकाष्ठा केली. पानशेतचे पाणी त्याच्या माथ्यावरून कोसळत असताना ते कित्येक तास उभे राहिले. अखेर दुपारी तेही फुटले आणि दोन्ही तलावांचे पाणी एकदम मुठेच्या पात्रात घुसले.

त्यानंतर जे घडले ते पुण्याच्या इतिहासात पूर्वी कधी घडले नव्हते. लकडी पूल, नवा पूल पाण्याखाली गेले. डेक्कन जिमखान्याचा नदीकडचा भाग, नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा पेठ, सोमवार आणि मंगळवार पेठ यांत पाणी शिरले. जुन्या पुण्यातील पुष्कळसे वाडे मातीच्या भिंतींचे होते. लाकडी सांगाडा आणि मधे पांढऱ्या मातीचे बांधकाम अशी त्यांची रचना. पाणी लागताच त्या भिंती आतून विरघळल्या आणि वाडेच्या वाडे खाली बसले. शेकडो संसार क्षणार्धात वाहून गेले. सुमारे एक हजार माणसे या पुरात मृत्यू पावली असा अंदाज सांगितला जातो. ज्यांना सकाळच्या त्या चार-पाच तासांत घर सोडता आले, ते पर्वतीच्या आणि इतर टेकड्यांच्या आश्रयाला गेले, किंवा उंचावरच्या पेठांतील आप्तांकडे पोहोचले. जाताना कोणी देव उचलले, कोणी दागिन्यांची पेटी, कोणी केवळ शेजारच्या आंधळ्या आजीचा हात धरला. अशा आठवणी पुढे कित्येक वर्षे पुण्याच्या घराघरांत सांगितल्या जात.

पाण्याने वेढलेल्या घरांच्या छपरांवर अडकलेल्या माणसांना सोडविणे हे आता तातडीचे काम होते. ते सैनिकांनी केले, पोलिसांनी केले आणि पेठांतील पट्टीच्या पोहणाऱ्या तरुणांनीही केले. पुराच्या पाण्यात होडी घालणे हे तलावातील नौकाविहारासारखे नसते. पात्रातील पाणी एका दिशेने वाहते, पण गल्लीबोळांत शिरलेले पाणी भिंतींवर आपटून उलटे फिरते. त्यात तुळया, दारे, मेलेली जनावरे वाहत असतात. आणि पाण्याखाली दिव्याच्या खांबांच्या तारा असतात. म्हणून होडीला मागून दोर बांधून तो एखाद्या पक्क्या खांबाला वेढून हळूहळू सोडावा लागतो. खडकीच्या मैदानावर रंगरुटाला कंटाळवाणी वाटणारी ती गाठ अशा वेळी माणसाचा जीव धरून ठेवते. चुकीची गाठ ओढ बसताच सुटते किंवा इतकी आवळते की सोडविता येत नाही. बरोबर गाठ ओढ सहन करते आणि हवी तेव्हा बोटाच्या एका हिसक्याने सुटते.

सायंकाळनंतर पाणी ओसरू लागले. ओसरलेल्या पाण्याने मागे जे ठेवले ते पाहून धीराची माणसेही खचली. गुडघा-गुडघा चिखल, कोसळलेल्या वाड्यांचे ढिगारे, भिजून फुगलेले धान्य, दुकानांतून वाहून आलेली कापडाची ठाणे, आणि सर्वत्र एक कुबट वास. विजेचे दिवे गेले होते. आणि ज्या शहरात इतके पाणी शिरले, त्या शहरात प्यावयास पाणी नव्हते. हे ऐकून नवल वाटेल. पण पुण्याच्या नळांना पाणी ज्या खडकवासल्यातून येत असे, तो तलावच रिकामा झाला होता. लोकांनी विसरलेल्या विहिरी पुन्हा उपसल्या. कात्रजच्या तलावातून पेशव्यांच्या काळी शहरात आणलेल्या नळाचे जुने हौद तोपर्यंत कोणाच्या खिजगणतीत नव्हते. त्यांची आठवण आता झाली. टँकर आला की हंडे-कळशांच्या रांगा लागत.

यापुढचे काम शौर्याचे नव्हते. ते कष्टाचे होते, आणि म्हणून अधिक लांबले. ढिगारे उपसणे, रस्ते मोकळे करणे, मेलेली जनावरे दूर नेऊन पुरणे, चिखल बाहेर काढणे ही कामे अनेक दिवस चालली. जवानांची फावडी आणि नागरिकांची घमेली एकाच ढिगाऱ्यावर चालत होती. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांत होते. हजारो बेघर लोकांना शाळांत व धर्मशाळांत आश्रय देण्यात आला. गावोगावाहून धान्य, कपडे आणि भांडी येऊ लागली. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष लोटले होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या शासनाने शहराच्या पुनर्वसनाची धुरा स. गो. बर्वे या कर्तबगार सनदी अधिकाऱ्याकडे सोपविली. पुण्याचा कारभार त्यांनी पूर्वीही पाहिलेला असल्यामुळे शहराची गल्लीन् गल्ली त्यांना ठाऊक होती.

बेघरांना डोक्यावर छप्पर तत्काळ हवे होते. विटांची घरे बांधण्यास महिनोन् महिने लागले असते. म्हणून गोखलेनगरसारख्या नव्या वसाहतींत अर्धवर्तुळाकार पत्र्याची घरे उभारण्यात आली. पिंप उभे चिरून पालथे ठेवावे तसा त्यांचा आकार असे. त्यांना ‘निस्सेन हट’ म्हणत. या घराची कल्पनाही एका लष्करी अभियंत्याचीच होती. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ब्रिटिश सैन्यातील मेजर पीटर निस्सेन याने शिपायांसाठी ही झटपट उभारता येणारी बराक तयार केली. उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापे आणि पावसाळ्यात पत्र्याचा आवाज इतका होई की, घरातल्या घरात ओरडून बोलावे लागे. तरीही वाहून गेलेल्या कित्येक कुटुंबांचा पुढचा संसार त्या गोल छपराखालीच पुन्हा उभा राहिला.

धरण का फुटले याची चौकशी करण्यासाठी शासनाने न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. पुढे पानशेत आणि खडकवासला ही दोन्ही धरणे पुन्हा बांधण्यात आली. पानशेतच्या जलाशयाला आता ‘तानाजीसागर’ म्हणतात. पुण्याच्या नळांना आज येणाऱ्या पाण्यातील मोठा वाटा तेथूनच येतो. शहरातील काही जुन्या वास्तूंवर १९६१ च्या पुराचे पाणी कोठवर चढले होते त्याची खूण केलेली आहे; ती उंच माणसाच्याही डोक्याच्या कितीतरी वर दिसते.

त्यानंतर महाराष्ट्राने आणखी पूर पाहिले. २००५ च्या जुलैत मुंबई आणि कोकण, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या काठचे सांगली आणि कोल्हापूर जिल्हे पाण्याखाली गेले. २००६ साली आपत्तींशी झुंजण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल स्थापन झाले. रबरी होड्या, हेलिकॉप्टर, बिनतारी यंत्रे अशी साधने १९६१ च्या मानाने पुष्कळ वाढली. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरात या दलाच्या जोडीला भूदल व नौदल यांचे जवान होड्या घेऊन उतरले. तरीही फुटू पाहणाऱ्या बांधावर टाकावयास मातीच्या पोत्याहून सोपे आणि स्वस्त साधन अद्याप कोणी काढलेले नाही. पोते कोठेही मिळते, माती पायाखालीच असते. उणीव असते ती फक्त ती नीट भरणाऱ्या आणि नीट रचणाऱ्या हातांची.

हे हात अभियंता दलाच्या केंद्रांत आजही तयार होत असतात. गावाकडून नुकताच आलेला, अजून बुटांची सवय न झालेला तरुण आपले पहिले पोते भरतो, मुडपतो, ठोकतो आणि मागे सरून उभा राहतो. उस्ताद पुढे येतो, पोत्यावर एक पाय ठेवतो आणि अंगाचा भार टाकून पाहतो. पोते जरा जरी डुगडुगले, तरी ती सारी ओळ उतरवून पुन्हा रचावी लागते.